पहिल्या एक्सबॉक्सची हार्ड डिस्क बदलली तरी ०५, ०६, १३, २१ हे एरर नंबर पुन्हा येतात : कारणं आणि उपाय

हे सगळं २००१ साली आलेल्या पहिल्या एक्सबॉक्सबद्दल आहे. एक्सबॉक्स ३६० किंवा त्यानंतरच्या कन्सोलना यातलं फारसं काही लागू पडत नाही.

लक्षणं नेहमीचीच. हिरव्या लोगोवर कन्सोल अडकतो, डाव्या-उजव्या फटीतून टकटक ऐकू येते, किंवा काळ्या पडद्यावर अनेक भाषांत ‘सर्व्हिस करून घ्या’ असा संदेश येतो. त्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात वरती एक दोन आकडी नंबर असतो. बहुतेक जण तो न बघताच ड्राइव्ह गेली असं ठरवतात, कुठून तरी जुनी आयडीई (रुंद पट्टीच्या केबलची) ड्राइव्ह मिळवून बसवतात आणि मग तोच पडदा वेगळ्या नंबरसह समोर येतो. दुसऱ्या एक्सबॉक्सची चालू ड्राइव्ह लावली तरी हेच होतं. ड्राइव्ह खराब नसते, ती ‘परकी’ असते.

या कन्सोलची हार्ड डिस्क एटीए पासवर्डने (ड्राइव्हच्या आतच असलेल्या कुलपाने) लॉक केलेली असते. मदरबोर्डवर २५६ बाइटची एक छोटी ईईप्रॉम (वीज गेली तरी मजकूर टिकवणारी) चिप आहे आणि त्या कन्सोलची स्वतःची हार्ड डिस्क की (गुप्त किल्ली) तिच्यात साठवलेली असते. चालू होताना कन्सोल ही की घेतो, ड्राइव्हचं मॉडेल नाव आणि सीरियल नंबर घेतो, आणि दोघांची पत्रिका जुळवून पासवर्ड बनवतो. ड्राइव्ह बदलली की पासवर्ड बदलला, मदरबोर्ड बदलला तरी बदलला. म्हणून ड्राइव्ह कुरकुरायला लागली की पहिली वाचवायची वस्तू म्हणजे ईईप्रॉममधले ते २५६ बाइट. गेमची सेव्ह त्याच्यानंतर.

नंबर काय सांगतो

०५ म्हणजे ड्राइव्ह सापडली, पण ती लॉक केलेली नाही. मूळ बायोसला (कन्सोल सुरू करणाऱ्या चिपमधल्या प्रोग्रामला) हे चालत नाही. नवी कोरी ड्राइव्ह तशीच लावली की हाच नंबर येतो.

०६ म्हणजे ड्राइव्ह लॉक आहे, पण या कन्सोलच्या पासवर्डने उघडत नाही. दुसऱ्या कन्सोलमधून काढलेली ड्राइव्ह, किंवा चुकीच्या ईईप्रॉम फाइलने लॉक केलेली.

०७ म्हणजे ड्राइव्हने वेळेत उत्तर दिलं नाही, ०८ म्हणजे ड्राइव्ह दिसतच नाही, ०९ म्हणजे दिसते पण तिच्याशी बोलणं जमत नाही. या तिन्ही वेळा ड्राइव्हवर शंका घेण्याआधी केबल, जंपर (ड्राइव्ह मास्टर म्हणजे पहिली की स्लेव्ह म्हणजे दुसरी हे ठरवणारी छोटी टोपी) आणि पॉवरची पिन तपासा. ०७ आणि ०९ बरेचदा साटा अडॅप्टर (नव्या प्रकारची ड्राइव्ह आयडीईला जोडणारा) लावल्यावरच पहिल्यांदा दिसतात. त्याचं कारण खाली केबलच्या भागात आहे.

१०, ११ आणि १२ हे डीव्हीडी ड्राइव्हचे नंबर आहेत. ड्राइव्ह बदलताना डीव्हीडीची पिवळी केबल नीट बसली नाही की हे येतात आणि माणूस उगाच हार्ड डिस्कच्या मागे लागतो.

१३, १४, १६, २०, २१ हे डॅशबोर्डचे (कन्सोलच्या मुख्य मेनूचे). म्हणजे ड्राइव्ह सापडली, पासवर्ड लागला, लॉक उघडलं, पण सी पार्टिशनमधल्या (डिस्कच्या एका भागातल्या) फाइल्स वाचता आल्या नाहीत किंवा त्या बिघडल्या आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण १३ किंवा त्यापुढचा नंबर दिसत असताना ड्राइव्ह त्या क्षणी अनलॉक झालेली असते. डेटा काढताना याचा उपयोग होतो.

इजेक्ट बटणाभोवतीची कडी लाल-हिरवी लुकलुकत असेल आणि कन्सोल दोन-तीनदा आपोआप चालू-बंद होत असेल तर तो मदरबोर्डचा आजार आहे. त्यात ड्राइव्ह बदलून काही उपयोग नाही. केशरी-हिरवी लुकलुक म्हणजे टीव्हीची केबल नीट बसलेली नाही, एवढंच.

उघडण्याआधी व्होल्टेज

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेले कन्सोल आपल्याकडे बरेच आहेत. त्यांचा पॉवर सप्लाय ११०-१२० व्होल्टचा असतो. लॅपटॉपच्या अडॅप्टरसारखा तो कुठल्याही व्होल्टेजवर चालत नाही. थेट २३० च्या सॉकेटमध्ये घातला तर निदान फ्यूज तरी जातोच. २०० व्हीए किंवा त्याहून मोठा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरा. इस्त्रीसाठी मिळणारे स्वस्त इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर इथे नकोत.

लागणारं सामान

टॉर्क्स टी-२० (क्रिकेटमधला नव्हे) आणि टी-१० असे दोन स्क्रू ड्रायव्हर. साटा हार्ड डिस्क किंवा एसएसडी. आयडीई-टू-साटा अडॅप्टर, ज्यावर मास्टर-स्लेव्हचा जंपर आहे असा. ८० वायरची आयडीई केबल, किमान ४५ सेंमी. मोलेक्स-टू-साटा पॉवर वायर. एक मल्टिमीटर.

जुनी आयडीई ड्राइव्ह स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. ती गेलेल्या ड्राइव्हच्याच वयाची असते. सीएफ कार्ड आणि एसडी कार्डचे अडॅप्टर टाळा, कारण त्यातले बहुतेक एटीए लॉक स्वीकारत नाहीत आणि मूळ बायोसवर तुम्ही ०५ लाच अडकाल. एसएसडी चालते. कन्सोलचा आयडीई वेग मूळ बायोसवर सेकंदाला ३३ एमबीच्या वर जात नाही, त्यामुळे महागडी एसएसडी घेऊन पैसे वाया घालवू नका. फरक पडतो तो आवाजात, उष्णतेत आणि बारीक फाइल्स वाचण्यात.

मूळ केबल ४० वायरची असते. ८० वायरच्या केबललाही पिना ४०च असतात. मधल्या जादा वायरी ग्राउंडच्या असतात आणि सिग्नल एकमेकांत मिसळू देत नाहीत. जुनी यांत्रिक ड्राइव्ह ४० वायरवर निमूट चालते, पण साटा अडॅप्टर जास्त वेगाची बोलणी करायला बघतात आणि तिथेच ०७, ०९ किंवा खेळता खेळता मध्येच गोठणं सुरू होतं. नवी केबल विकत मिळत नसेल तर २००३-२००८ दरम्यानच्या भंगार पीसीत ती हमखास असते. लॅमिंग्टन रोड किंवा तपकीर गल्लीतल्या जुन्या सामानाच्या दुकानांत विचारून बघा. निळं टोक मदरबोर्डला लावायचं. जंपर केबल सिलेक्टवर ठेवू नका, हार्ड डिस्क स्पष्टपणे मास्टरवर लावा. डीव्हीडी ड्राइव्ह कायम स्लेव्ह असते.

पॉवर वायर घेताना तिचा साटा कनेक्टर नीट बघा. प्लास्टिक वितळवून एकसंध ओतलेले कनेक्टर आतून शॉर्ट होऊन जळाल्याची उदाहरणं पीसीच्या जगात भरपूर आहेत. वायरी वेगवेगळ्या खाचेत दाबून बसवलेल्या दिसतात तो प्रकार घ्या.

ईईप्रॉम कशी मिळवायची

इथे तीन परिस्थिती आहेत.

पहिली: ड्राइव्ह टकटक करते, पण अजून कधीमधी डॅशबोर्डपर्यंत पोचते. ही सोन्याची संधी आहे, खेळ खेळण्यात घालवू नका. मेमरी कार्डवरून चालणारी एंडगेम नावाची पळवाट वापरून कन्सोलवर बाहेरचा प्रोग्राम चालवता येतो, गेमची डिस्क लागत नाही. कंट्रोलरचं पोर्ट हे आतून यूएसबी १.१च आहे, फक्त प्लग वेगळा, त्यामुळे अडॅप्टर वायर लावून साधा पेनड्राइव्ह मेमरी कार्डसारखा वापरता येतो. सगळे पेनड्राइव्ह ओळखले जात नाहीत. जुने, कमी क्षमतेचे जास्त भरवशाचे. एकदा बाहेरचा डॅशबोर्ड चालू झाला की ईईप्रॉमचा बॅकअप घ्या आणि नेटवर्क केबलने, एफटीपीवरून ती फाइल पीसीवर आणा. युजरनेम आणि पासवर्ड बहुतेक डॅशबोर्डांत दोन्ही ‘एक्सबॉक्स’ असं लहान अक्षरांत असतं. त्याच वेळी संपूर्ण सी पार्टिशन आणि ई मधले यूडेटा व टीडेटा हे (सेव्ह आणि गेमच्या जोड-फाइल्सचे) दोन फोल्डर उतरवून घ्या.

दुसरी: कन्सोल आधीच सॉफ्टमॉड केलेला (चिप न लावता, सॉफ्टवेअरने बाहेरच्या प्रोग्रामसाठी मोकळा केलेला) होता आणि कोणीतरी बॅकअप घेतला होता. जुने सीडी-डीव्हीडी, ईमेल, पेनड्राइव्ह धुंडाळा. फाइल बरोबर २५६ बाइटची हवी. वेगळ्या आकाराची असेल तर ती ईईप्रॉमची नाही.

तिसरी आणि सर्वांत त्रासाची: ड्राइव्ह पूर्ण मेलेली, बायोस मूळचा, बॅकअप नाही. इथे कोंबडी आधी की अंडं आधी अशी गत होते. बाहेरचा प्रोग्राम चालवायला चालू ड्राइव्ह हवी, आणि ड्राइव्ह लॉक करायला बाहेरचा प्रोग्राम हवा. दोन वाटा आहेत. एक म्हणजे रास्पबेरी पाय किंवा आर्डुइनो मदरबोर्डच्या एसडीए, एससीएल (डेटा आणि घड्याळाच्या लाइनी) आणि ग्राउंडला जोडून ईईप्रॉम थेट वाचणं. त्यासाठी पायप्रॉम आणि आर्डुइनोप्रॉम ही तयार साधनं आहेत; जोडणी त्यांच्याच आकृतीप्रमाणे करा. ही लाइन ३.३ व्होल्टची आहे, तिला ५ व्होल्टचा पुल-अप देऊ नका. दुसरी वाट मॉडचिपची, म्हणजे मूळ बायोसऐवजी दुसरा बायोस चालवणाऱ्या जादा चिपची. ओपनझेनियम किंवा रास्पबेरी पाय पिकोवर चालणारी मॉडएक्सओ बसवून सर्बिओससारखा बायोस चालवला की ड्राइव्ह लॉक आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. मात्र कन्सोल १.६ आवृत्तीचा असेल तर मॉडचिप लावण्याआधी बोर्डवर तोडलेल्या एलपीसी लाइनी (मॉडचिप जिथे जोडतात त्या) वायरने परत जोडाव्या लागतात. १.६ मध्ये मूळ बायोस चिप फ्लॅशही करता येत नाही, १.० ते १.५ मध्ये येते, पण त्यासाठीही आधी कन्सोल चालू व्हायला हवा.

मरणाऱ्या ड्राइव्हवरून डेटा

डिस्कवर पार्टिशनांचा क्रम सी पासून सुरू होत नाही. आधी एक्स, वाय, झेड हे प्रत्येकी ७५० एमबीचे तीन कॅशे (तात्पुरत्या साठ्याचे भाग), मग ५०० एमबीचं सी, मग सुमारे ४.८ जीबीचं ई. खेळ चालू असताना सतत लिहिलं जातं ते कॅशेवर, म्हणून खराब सेक्टर तिथे असण्याची शक्यता जास्त, आणि तिथे वाचवण्यासारखं काहीच नसतं. त्यामुळे ड्राइव्हची प्रतिमा (हुबेहूब प्रत) काढताना सुरुवातीपासून सुरू करू नका. लिनक्सवर ईईप्रॉमच्या आधारे ड्राइव्ह अनलॉक करा आणि डीडीरेस्क्यू या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामला २२५० एमबीपासून पुढे वाचायला सांगा. सी तिथूनच सुरू होतं. धापा टाकणाऱ्या ड्राइव्हला पहिले सव्वादोन जीबी वाचायला लावणं म्हणजे तिचे उरलेले श्वास कचऱ्यावर खर्च करणं.

ईईप्रॉम हाती नसेल आणि पडद्यावर १३ किंवा २१ येत असेल तर हॉटस्वॅप हा जुना मार्ग आहे. ड्राइव्हची पॉवर कन्सोलवरच ठेवायची आणि फक्त आयडीई केबल काढून पीसीच्या केबलला जोडायची. पॉवर जाईपर्यंत ड्राइव्ह अनलॉक राहते. पद्धत चालते, पण पिन तिरकी लागली तर दोन्ही बाजूचे कंट्रोलर जाऊ शकतात. कन्सोलच्या उघड्या पॉवर सप्लायशेजारी हात घालून हे करावं लागतं, हे वेगळंच. दुसरा इलाज असेल तर याच्या वाटेला जाऊ नका.

कन्सोल चालू होत असेल तर सर्वांत सोपं म्हणजे चिंप हा क्लोनर. डीव्हीडी ड्राइव्हची आयडीई केबल काढून तिथे नवी ड्राइव्ह स्लेव्ह जंपरवर लावायची, चिंप चालवायचा, तो सी आणि ई उतरवतो आणि नवी ड्राइव्ह लॉकही करतो. मग जंपर मास्टरवर आणायला विसरू नका. ०८ पाहून घाबरलेल्यांपैकी बरेच इथेच चुकलेले असतात. या जुन्या साधनांनी लॉक केलेल्या ड्राइव्हचा मास्टर पासवर्ड बहुधा ‘टीमअसेंब्ली’ किंवा ‘एक्सबॉक्ससीन’ असतो, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता. कोणाकडून लॉक अडकलेली ड्राइव्ह मिळाली तर आधी हे दोन वापरून बघा.

पीसीवर नवी ड्राइव्ह तयार करताना

विंडोजवर फॅटएक्सप्लोरर हे काम करतं. ड्राइव्ह पहिल्या एक्सबॉक्सच्या मांडणीत फॉरमॅट करा, स्वतःच्या सी आणि ई च्या फाइल्स टाका, मग ईईप्रॉम फाइल देऊन लॉक करा. एफएटीएक्समध्ये (एक्सबॉक्सच्या फाइल पद्धतीत) फाइलचं नाव ४२ अक्षरांपुरतंच आणि एक फाइल ४ जीबीपुरतीच असते, त्यामुळे लांब नावांच्या फाइल्स आधी आवरून घ्या.

लॉक न होण्याची दोन कारणं पुन्हा पुन्हा दिसतात. पीसीच्या साटा पोर्टला ड्राइव्ह थेट जोडली असेल तर मदरबोर्डचा बायोस सुरू होतानाच एटीए सुरक्षा ‘फ्रोझन’ करून ठेवतो आणि कुठलीही लॉकची आज्ञा नाकारली जाते. पीसी स्लीपमध्ये घालून उठवा, किंवा विंडोज चालू झाल्यावर ड्राइव्हची पॉवर जोडा. दुसरं कारण यूएसबी अडॅप्टर. काही अडॅप्टर एटीए आज्ञा पुढे पाठवतच नाहीत. काही तर ड्राइव्हचं मॉडेल आणि सीरियल नंबर स्वतःच्या मनाने बदलून सांगतात. पासवर्ड त्या दोन्हींवर बेतलेला असल्यामुळे लॉक ‘यशस्वी’ होतं आणि कन्सोलमध्ये ०६ येतो. प्रोग्राममध्ये दिसणारं मॉडेल नाव आणि ड्राइव्हच्या लेबलवरचं नाव ताडून बघा, मगच लॉक करा.

कटकट नको म्हणून ईईप्रॉममधली की सगळी शून्यं करून टाकायचा सल्ला मिळतो. मॉडचिपवर ते चालून जातं. पण काही गेम सेव्हवर सही करताना हीच की वापरतात, त्यामुळे की बदलल्यावर जुन्या सेव्ह ‘खराब’ म्हणून नाकारल्या जाऊ शकतात. वर्षानुवर्षांच्या सेव्ह असतील तर मूळ कीला हात लावू नका.

उघडणं आणि बसवणं

यात अवघड काही नाही. प्लग काढून दहा मिनिटं थांबा. तळाला सहा टी-२० स्क्रू आहेत, चार रबरी पायांखाली आणि दोन लेबलांखाली. हेअर ड्रायरने लेबल कोमट केलं तर फाटत नाही. आत ट्रे धरून ठेवणारे टी-१० तीन, त्यातला एक आयडीई केबलखाली लपलेला असतो. तो न काढता ट्रे ओढून प्लास्टिक मोडणारे कमी नाहीत. पॉवर सप्लायचा बोर्ड उघडाच असतो, त्याच्या मोठ्या कपॅसिटरना बोट लावू नका.

उघडलंच आहे तर घड्याळाचा कपॅसिटर बघून घ्या. १.० ते १.५ आवृत्त्यांत तो गळतो आणि त्याचं पाणी आजूबाजूच्या बारीक ट्रॅक खातं. कोकणातल्या दमट हवेत तर हे आणखी लवकर हिरवं पडतं. तो सोल्डर सोडवून काढून टाका आणि जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. त्याच्याशिवाय कन्सोल चालतो, फक्त प्लग काढला की वेळ परत लावावी लागते. १.६ मधला कपॅसिटर चांगल्या प्रकारचा आहे, तो राहू द्या.

सगळं नीट चाललं आणि काही महिन्यांनी पुन्हा १३ किंवा २१

हा प्रकार सर्वांत जास्त गोंधळात टाकतो, कारण तोवर ड्राइव्ह ठणठणीत चालत असते.

मूळ बायोस आणि जुने मॉड बायोस २८ बिटांचाच पत्ता ओळखतात, म्हणजे १३७ जीबीपर्यंत. ५०० जीबीची ड्राइव्ह लावून एफ पार्टिशन (उरलेल्या जागेचं जादा पार्टिशन) पूर्ण ताणलं आणि बायोसमध्ये ४८ बिटांची दुरुस्ती नसली, तर १३७ जीबीच्या पुढचं लिखाण गोल फिरून ड्राइव्हच्या सुरुवातीला जाऊन पडतं. सुरुवातीला काय आहे? एक्स, वाय, झेड. म्हणून पहिले सव्वादोन जीबी कॅशेवर पडतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यानंतरचा गेम उतरवला की सी वर घाव बसतो आणि डॅशबोर्ड नाहीसा. नवीन ड्राइव्ह आणून हेच परत केलं की हेच परत होतं. आधी बायोस किंवा सॉफ्टमॉड ४८ बिट ओळखतो याची खात्री करा, नाहीतर एफ १३७ जीबीच्या आतच थांबवा.

दुसरं कारण क्लस्टरचा (फाइलला एका वेळी मिळणाऱ्या जागेच्या तुकड्याचा) आकार. २५६ जीबीपर्यंतच्या पार्टिशनला १६ केबी, ५१२ पर्यंत ३२ केबी, १ टीबीपर्यंत ६४ केबी हवा. जुन्या डॅशबोर्डांमधला फॉरमॅटचा पर्याय सरसकट १६ केबी लावून मोकळा होतो. पार्टिशन अर्धं भरेपर्यंत काही जाणवत नाही, मग फाइल्स एकमेकींवर चढतात. एफ आणि असलंच तर जी या जादा पार्टिशनसाठी एक्सबीपार्टिशनर १.३ वापरा, तो आकार बरोबर निवडतो.

ही दोन्ही नसतील आणि ०७ अधूनमधून येत असेल तर मल्टिमीटर काढा. ड्राइव्ह चालू असताना मोलेक्सवर लाल वायर ४.७५ ते ५.२५ आणि पिवळी ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत हवी. पिवळी कमी असेल तर साडेतीन इंची ड्राइव्ह फिरायला लागतानाच अडखळते. अडीच इंची एसएसडीला १२ व्होल्ट लागतच नाहीत, त्यामुळे ती लावल्यावर दोष नाहीसा झाल्यासारखा वाटतो, पण तो लपलेला असतो. पॉवर सप्लायचे फुगलेले कपॅसिटर आणि सैल झालेले सोल्डरचे डाग बघा.

शेवटी ईईप्रॉमची फाइल. तिला कन्सोलच्या तळावरचा सीरियल नंबर नाव म्हणून द्या आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. कन्सोलच्या आत कागदावर की लिहून चिकटवली तरी चालेल, ३२ अक्षरंच आहेत.